टेम्पोतून न उतरलेला माइक

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "इंगळे काका, माइकवाल्याच्या आयुष्यातल्या गमतीजमती लिहा. पुढाऱ्यांचे किस्से वगैरे. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी बरं म्हणालो आणि बसलो. किस्से पुष्कळ आठवले, हसूही आलं. पण हात फिरून फिरून एकाच गोष्टीकडे जात राहिला, आणि त्या गोष्टीचा मला अजून राग आहे. तेव्हा संपादकांनी मागितले तेवढे किस्से आधी देतो, मग माझं सांगतो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

अकोल्याच्या जठारपेठेत आमचं लाउडस्पीकरचं दुकान. आता मुलगा नितीन पाहतो. लग्नं, सप्ताह, जयंत्या, गणपती हे सगळं आम्ही केलं, पण माझं नाव झालं ते राजकीय सभांमुळे. बाहेरच्या माणसाला वाटतं, तारा जोडल्या, बटण दाबलं, झाली सभा. तसं नसतं. समोर बसलेल्यांसाठी बॉक्स वेगळे आणि रस्त्यावर सायकल टेकवून ऐकणाऱ्यासाठी भोंगे वेगळे. भोंग्याचं तोंड जरा जरी माइककडे वळलं की शिट्टी बसते, आणि ऐन टाळीच्या वाक्याला शिट्टी बसली की पुढारी आयुष्यभर लक्षात ठेवतो. त्यात प्रत्येक वक्त्याची तऱ्हा वेगळी. कुणी माइक गिळायलाच निघतो, कुणी आधी त्याला टपल्या मारतो. एक आमदार बोलता बोलता मागे वळून व्यासपीठावरच्यांना दम द्यायचे, त्यामुळे दम द्यायचे शब्द फक्त व्यासपीठाला ऐकू यायचे आणि मैदानातून न ऐकताच टाळ्या पडायच्या. मी त्यांच्यामागे एक चोरटा माइक लावून ठेवू लागलो. पुढच्या सभेत दम साऱ्या गावानं ऐकला. त्यांनी मला बोलावून विचारलं, "इंगळे, तू कोणाकडून आहेस?"

मी कोणाकडूनच नव्हतो. सकाळी एका पक्षाची सभा, संध्याकाळी त्याच मैदानावर दुसऱ्याची. खांब तेच, भोंगे तेच, फक्त पक्षाच्या रंगाची झालर बदलायची. एकदा घाईत सकाळची झालर तशीच राहिली आणि संध्याकाळचे वक्ते तिच्याच खाली उभे राहून तिच्याच मालकांना तासभर शिव्या देत होते. कोणी रागावलं नाही. सकाळच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष पानठेल्यावर उभा राहून ऐकत होता, तोही पोट धरून हसला. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. तेव्हाही दांडगाई होती, दारू वाटली जायची, खोटं बोललं जायचं. पण विरोधकानं बोलायचंच नाही, असं कोणी म्हणत नव्हतं.

आता म्हणतात. तोंडानं म्हणत नाहीत, हीच तर हुशारी आहे. तोंडानं सगळे म्हणतात, लोकशाही आहे, अर्ज करा. अर्ज केला की मैदानवाल्यांचं ना हरकत आणा. ते आणलं की वाहतूक शाखेचं आणा. तेही आणलं की सभेच्या सकाळी हवालदार येऊन सांगतो, गोपनीय माहिती मिळाली आहे, शांतता भंग होऊ शकते, परवानगी रद्द. शांततेचा भंग कोण करणार? तर बोलणारा. सत्तेतल्या पक्षाच्या सभेला मात्र शाळांना अर्धी सुटी देऊन पोरांना झेंडे हातात देतात, तेव्हा शांतता मजेत असते.

अकोल्यात एका सभेची परवानगी चुकून मिळाली. चुकून म्हणजे अधिकारी नवा होता. आम्ही खांब रोवून घरी जेवायला गेलो आणि परत येतो तो मैदानात टँकर. काळ्या मातीत पाणी सोडून राहिले होते. मी धावत गेलो. म्हटलं, "अरे बाबा, हे काय करून राहिले?"

टँकरवाला म्हणाला, "हिरवळ लावाची हाये काका."

"आजच?"

"मले कायले इचारता? मले सांगतलं, मैदान भिजव. मी भिजवून राहिलो."

काळी माती भिजली की ती कोणाची नसते. व्यासपीठ एका अंगानं कलंडलं. सभा झाली ती रस्त्याच्या कडेला ट्रॉलीवर, आणि रस्त्यावर झाली म्हणून वाहतुकीला अडथळा केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या मैदानात अजून बकऱ्या चरतात. हिरवळ कुठं लावली ते मी शोधतो आहे.

दुसऱ्या एका सभेत वक्ता उभा राहिला की वीज जायची आणि बसला की यायची. आम्ही जनरेटर आणला, तर जनरेटरच्या धुराची तपासणी करायला माणूस आला. मंडपवाल्यांचं तर विचारूच नका. विरोधकांचा फोन गेला की सगळ्यांच्या सगळ्या तारखा बुक. एक जुना मंडपवाला मित्र मला शेवटी खरं बोलला, "सुधाकर, माहं गोदाम मोजाले लोक आले होते दोनदा. अतिक्रमन निघते म्हनतात. तीस वर्षांत नाही निघालं, आता निघते. मी काय करू?" त्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत. तो लाजून बोलत होता आणि ज्यांनी लाजायचं ते मजेत फिरत होते.

आता गुलाबभाऊंचं सांगतो.

गुलाबभाऊ हे अमरावती जिल्ह्यातल्या, वलगावच्या पुढच्या एका गावातले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना तिथंच राहायचं आहे. विरोधी पक्षाचे तालुक्याचे जुने कार्यकर्ते. कधी कोणत्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण तालुक्यातली कोणतीही सभा त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. मुख्य पुढारी नेहमीच उशिरा येतो, तोवर लोक बसवून ठेवायचे असतात. ते काम गुलाबभाऊंचं. मी त्यांचा माइक तोंडापासून हातभर लांब ठेवायचो, कारण त्यांच्या आवाजाला जवळचा माइक सोसत नसे. पंधराएक वर्षं मी त्यांच्या आवाजावर माझी मशीन जुळवत आलो.

गावाच्या पाण्याची टाकी बांधून पडली होती, पाणी येत नव्हतं. गुलाबभाऊंनी बायकांचा मोर्चा नेला तहसीलवर, रिकाम्या घागरी घेऊन. परवानगी मागितली होती, मिळाली नाही. तरी नेला. गुन्हा दाखल झाला. मग त्या गुन्ह्याच्या निषेधाची सभा, तिलाही परवानगी नाही, तीही घेतली, दुसरा गुन्हा. असं चालत राहिलं. मग एक दिवस हुकूम निघाला की हा इसम सवयीचा गुन्हेगार आहे, याच्या वावरण्यानं लोकांच्या मनात दहशत बसते, सबब याला अमरावती जिल्ह्यातून तडीपार करण्यात येत आहे. म्हणजे बघा, आधी बोलायला परवानगी द्यायची नाही, मग बोलला तर गुन्हा, आणि गुन्हे साचले की गुंड. सत्तरीला आलेला माणूस, गुडघ्याला पट्टा बांधून चालणारा. त्याची म्हणे दहशत.

तडीपार माणसाला घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात राहावं लागतं. गुलाबभाऊ अकोल्याला आले आणि जठारपेठेत आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. त्यांची बायको, कुसुमवहिनी, आठवड्याला एसटीनं यायच्या. भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. गुलाबभाऊ दिवसभर माझ्या दुकानातल्या बाकावर बसायचे. दुरुस्तीला आलेला माइक मी त्यांच्या हातात द्यायचो, म्हणायचो, बोला भाऊ. ते नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणायचे आणि परत द्यायचे. एवढं बोलणारा माणूस, पण दुसरं काही बोलायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "समोर मानूस नसला त कोनाशी बोलू? या भिंतीशी?"

पुतणीचं लग्न निघालं. दोन दिवस गावी जाऊ द्या म्हणून त्यांनी विनंती केली. नाकारली. कारण काय दिलं, तर लग्नात गर्दी असते. लग्नाच्या दिवशी ते सकाळपासून इस्त्रीचं धोतर नेसून दुकानात येऊन बसले. नितीननं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल अॅम्प्लिफायरच्या पेटीवर उभा करून दिला. तिकडे मंगलाष्टका लागल्या, इकडे गुलाबभाऊंनी खिशातून अक्षता काढल्या आणि त्या मोबाइलवर टाकल्या. तांदळाचे दाणे काचेवरून घरंगळून पेटीच्या जाळीत गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बाहेर जाऊन उभी राहिली. मी आयुष्यात पुष्कळ पुढाऱ्यांना माइकवर रडताना पाहिलं आहे. गुलाबभाऊ रडले नाहीत, त्यांनी वाकून जाळीतले दाणे वेचायला घेतले, आणि मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

तडीपारीची मुदत संपायच्या आधीच ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना गावी न्यायच्या गाडीत मी आणि नितीन बसलो होतो. मूर्तिजापूर मागे पडलं, जिल्ह्याची हद्द आली आणि गाडी तशीच पुढं गेली. जिवंतपणी ज्या पाटीच्या पलीकडे पाय टाकला असता तर त्यांना बेड्या पडल्या असत्या, ती पाटी गेलेली मला कळलीही नाही. गावात मात्र आमच्या आधी पोलिसांची गाडी हजर होती. कोणी घोषणा देऊ नये म्हणून.

आमच्याकडे तेरवीला जेवणाआधी श्रद्धांजलीची सभा होते. चार माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात, माइक असतो, गावाला ऐकू जातं. गावातला साधा माणूस गेला तरी होते. वहिनींचा मला फोन आला, "सुधाकरभाऊ, माइक तुमीच आना. मले बोलाचं हाये."

मी चमकलो. वहिनींना मी कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही बोलणार?"

"त्याइच्या कागदावर गुंड लिहेल हाये. गावातल्या पोट्ट्याइनं वाचलं ते. मी तेराव्या दिवशी सांगीन गावाले, का तो कोन होता. मंग पंगत बसन. त्याच्याआधी नाही."

पक्षाच्या लोकांनी रीतसर परवानगी मागितली. उत्तर आलं की श्रद्धांजलीच्या नावाखाली राजकीय भाषणं होण्याची शक्यता आहे, सबब ध्वनिक्षेपक वापरता येणार नाही. तेरवीला माइक नाही! मी सामान तरीही टेम्पोत भरलं. नितीन अडवायला आला. "बाबा, आपल्याले लग्नाच्या ऑर्डरी पाहिजे का नको? त्या मंडपवाल्या काकाचं काय झालं ते पाह्यलं ना?" तो चुकीचं बोलत नव्हता. दुकान आता त्याचं आहे, पोरं त्याची शाळेत आहेत. मी म्हटलं, घेऊन तर जातो, लावीन की नाही ते तिथं बघू. दोऱ्या मग त्यानंच आवळून दिल्या.

गावात पोचलो तर ठाणेदार अंगणाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. सोबत आवाज मोजायचं यंत्र घेतलेला एक शिपाई. ठाणेदार तरुण होते, बोलायला वाईट नव्हते. म्हणाले, "इंगळे काका, तुमचं नाव ऐकून आहे. सामान टेम्पोतून उतरवू नका. मला काही हौस नाही, पण वरून दर अर्ध्या तासाला फोन येतो आहे." मी म्हटलं, "साहेब, मयताबद्दल चार शब्द." ते दुसरीकडे बघू लागले. पक्षाचे तरुण कार्यकर्ते तापले होते. एक म्हणाला, "काका, लावा तुमी. पाहून घेऊ काय होते ते." घरातून वहिनी बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू नको पाहून घेऊ, बाप्पा. लाठ्या चालल्या त पंगत कोन वाढन? भाऊ, माइक राहू द्या. मी अशीच बोलतो."

अशीच कशी बोलणार? आवाज बारीक, अंगणात दोनतीनशे माणूस, रस्त्यावर तेवढंच. पण आवाज पोचवणं हा माझा धंदा आहे, आणि मशीन नव्हती तेव्हाही लोक बोलतच होते. मी मंडपाचं समोरचं कापड सोडायला लावलं, कारण कापड आवाज पिऊन टाकतं. वहिनींना ओट्यावर पक्क्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. वारा त्यांच्या मागून लोकांकडे होता, तेवढं नशीब. पुढच्या माणसांना म्हटलं, सरका, एकमेकांना चिकटून बसा. गावात रोज सामुदायिक प्रार्थना होते. त्या प्रार्थनेच्या बायका नेहमीच्या सवयीनं अगदी पुढं येऊन बसल्या. वहिनींना म्हटलं, "लहान वाक्य बोला. एक बोललं की थांबा."

वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माहा मानूस गुंड नव्हता."

त्या थांबल्या. आणि पुढच्या बायकांनी ते वाक्य उचललं. कोणी सांगितलं नव्हतं. प्रार्थनेत एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती परत म्हणतात, रोज संध्याकाळी हेच करत आलेल्या त्या बायका. सगळ्या मिळून म्हणाल्या, "माहा मानूस गुंड नव्हता." त्यांच्या मागच्या पुरुषांनी ते घेतलं, त्यांच्यामागच्यांनी घेतलं, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरला टेकून उभे असलेले मिशीवाले बाप्येही म्हणाले, "माहा मानूस गुंड नव्हता." कोणी हसलं नाही.

"त्यानं गावासाठी पानी मांगलं."

"त्यानं गावासाठी पानी मांगलं."

"त्याले बोलू देल्लं नाही. बोलला त गुन्हा लावला."

मागून गावानं म्हटलं.

"त्याले घरी येऊ देल्लं नाही. लग्नाले येऊ देल्लं नाही." इथं वहिनींचा आवाज गेला. बायका थांबून राहिल्या. वहिनींनी श्वास घेतला. "आता तो आला. आता त्याले पुन्हा काढून दाखवा."

हे वाक्य रस्त्यापर्यंत गेलं तेव्हा मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. पंचेचाळीस वर्षं मी आवाज वाढवत आलो, पण असा आवाज माझ्या कोणत्याच मशीननं काढलेला नाही. ठाणेदार उठून उभे राहिले होते. शिपाई यंत्राकडे बघत होता. वहिनी पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बसा आता पंगतीले," आणि आत गेल्या.

एवढ्यावर हे संपलं असतं तर संपादकांना हवा तसा छान किस्सा झाला असता. पण जेवणं झाल्यावर दोन पंच धरून आणले गेले आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला. विनापरवाना ध्वनिक्षेपक वापरला, आवाजाची मर्यादा ओलांडली. मी म्हटलं, "साहेब, माइक टेम्पोतच आहे. दोऱ्या सुटलेल्या नाहीत. गाठ तर बघा."

ठाणेदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंत्रात मर्यादेच्या वर आवाज आला आहे. तो मग कशाचा होता?"

"माणसांचा होता!"

"माणसांच्या आवाजाला परवाना लागत नाही. लाउडस्पीकरच्या आवाजाला लागतो. मला वर काहीतरी दाखवायला हवं ना, काका."

म्हणजे गावाचा आवाज वाढला, म्हणून माझे भोंगे दोषी. बांधलेल्या दोऱ्यांसकट सगळं सामान ठाण्यात गेलं. अॅम्प्लिफायर, बॉक्स, भोंगे, बापानं घेतलेला जुना माइक. ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली पडलं आहे. पावसाळा त्यानं तिथंच काढला. मी तारखांना जातो, साहेब नसतात, पुढची तारीख मिळते. इकडे नितीनच्या दुकानाचा फलक रस्त्यात येतो म्हणून महापालिकेची नोटीस आली. ज्या हॉलवाल्यांच्या लग्नांना आम्हीच असायचो, ते आता दुसऱ्याला बोलावतात. नितीन मला टाकून बोलत नाही. त्यानं बोललेलं बरं झालं असतं.

संतापून मी काय करणार? माझ्याकडे मत आहे आणि कान आहेत. पण मला कोणीतरी सांगावं, की ज्या सरकारला तेरवीत बोललेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या चार वाक्यांची भीती वाटते, त्यानं स्वतःला बळकट का म्हणवून घ्यावं? आणि आम्ही ते का मान्य करावं? विरोधी पक्ष चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. त्यांची सत्ता होती तेव्हा त्यांनीही मला कमी पळवलेलं नाही. पण त्यांना बोलू द्या, मग आम्ही ठरवू. ठरवायचं काम आमचं आहे.

आता पंचायत समितीची निवडणूक लागली आहे आणि पक्षानं कुसुमवहिनींना उभं केलं आहे. प्रचारसभेला परवानगी मिळालेली नाही, हे सांगायला नकोच. परवा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "रविवारी येजा."

मी म्हटलं, "वहिनी, सामान सारं ठाण्यात आहे. येऊन काय करू?"

"सामानाचं काय लोनचं घालाचं हाये? तुमी या. उभं राहाले भीत कोनती, वारा कोन्या अंगानं हाये, तेवढं पाहून द्या. बाकीच्या चार गावच्या बायकाइले म्या सांगतलं हाये."

फोन ठेवला. नितीन समोर बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नको म्हणेल. तो म्हणाला, "बडनेऱ्यापर्यंत मी सोडून देतो." रविवारी मी रिकाम्या हातांनी जाणार आहे. तिथं एक भिंत असेल, तिला पाठ लावून वहिनी उभ्या असतील, आणि समोर पाच गावच्या बायका.

या म्हणावं आता पंचनाम्याला.